तेविसाव्या वळणाचं पाणी

आज तारीख काय, असं वळणेभाऊंना विचारलं तर ते आधी खिडकीबाहेर बघायचे आणि मग सांगायचे, "पळस नवव्या वळनावर आहे." विचारणाऱ्याला बहुधा अर्जावर टाकायला तारीख हवी असायची. तो चिडायचा. मग भाऊ शांतपणे तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल बघून त्यावरची तारीखही सांगायचे, पण अशा आवाजात, की ही आपली सरकारी, खरी ती मघाशी सांगितली.

त्यांचं आडनाव वळणे नव्हतं. आमच्या विदर्भात अशी आडनावं इतकी, की वळणे सहज खपून गेलं होतं. मला हे कळायला पाच वर्षं लागली. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी पाकिटावर 'श्री. वळणे, सहकुटुंब' असं ठसठशीत लिहून ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हा मानूस आमच्या घरी राहत नाही. पन मी येईन." आले, सहकुटुंब आले, आणि पंगतीत वाढायलाही उभे राहिले.

नागपूरहून निघून काटोलवरून वर जाणाऱ्या मुक्कामी एसटीचे ते कंडक्टर. वर म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावरचं एक गाव. त्याला नाव आहे, पण आमच्या बसमध्ये ते कोणी घेत नसे. 'एक वर द्या' म्हटलं की तिकीट मिळायचं. त्या गावच्या हायस्कूलमध्ये मी बारा वर्षं भूगोल शिकवला. घर धरमपेठेत, नोकरी डोंगरावर, त्यामुळे दर रविवारी वर आणि शनिवारी खाली, असा माझा संसार एसटीच्या सीटवरच चालला होता. घाटाला तेवीस वळणं. भाऊंचा सिद्धांत असा, की ऋतू घाट चालत चढतो आणि त्याला एका वळणाला एक दिवस लागतो. पायथ्याशी आज आंब्याला मोहोर दिसला, तर माथ्यावर तो तेवीस दिवसांनी दिसणार. ते हे कुठे शिकले नव्हते. खिडकीपाशी उभं राहून वर्षानुवर्षं बघत आले होते, आणि खिशातल्या डायरीत टिपत आले होते.

पहिल्या वर्षी मी हे सगळं कानाआड केलं. भूगोलाच्या बाईंना कंडक्टरने उंची आणि हवामान शिकवावं, हे मला तेव्हा पचण्यासारखं नव्हतं. मार्चमध्ये भाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुमची घटक चाचणी कधी आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिवस आधी घ्या. मोहा चौदाव्या वळनावर आहे." मी मनात म्हटलं, ह्या माणसाला आता शाळेचं वेळापत्रकही करायचंय. चाचणीच्या दिवशी वर्गात सात मुलं होती. बाकीची पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात मोहफुलं वेचत होती आणि त्यांच्या आयांना, बापांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मोहा त्याच दिवशी माथ्यावर पोचला होता. वेळापत्रक जिल्ह्याच्या गावी बसून केलेलं, तिथे मोहा दहा-पंधरा दिवसांपूर्वीच सरलेला. त्यानंतर अकरा वर्षं मी चाचणीची तारीख मुख्याध्यापकांच्या आधी भाऊंना विचारली.

त्यांना ऋतूंबद्दल बोलताना कंडक्टरकीचेच शब्द सुचायचे. "फुलाले तिकीट वरचं, थंडीले तिकीट खालचं," असं म्हणायचे. म्हणजे उन्हाळ्याकडे जाताना सगळं खालून वर चढतं, आणि दिवाळीनंतर गारठा माथ्यावर बसून एकेक वळण उतरत खाली येतो. एखाद्या वर्षी दोन वळणांवरचे आंबे एकाच दिवशी मोहरले तर ते दिवसभर अस्वस्थ असायचे, जसा काही कोणी विनातिकीट चढलाय. अलीकडे असं वारंवार व्हायला लागलंय, असंही ते शेवटी शेवटी म्हणत.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य मात्र कैऱ्यांमुळे कानावर आलं. नागपुरातल्या बायकांचं लोणचं कधी लग्नकार्यामुळे, कधी आजारपणामुळे राहून जायचं. कैरी पाडाला लागली की संपलं. अशा बायका बसस्टँडवर पिशवी घेऊन यायच्या आणि भाऊ ती वरून भरून आणायचे. एकदा एक बाई रडवेली झाली होती, सासूबाई गेल्या त्या गडबडीत त्यांच्या हातचं लोणचं घालायचं शिकायचं राहिलं आणि आता कैऱ्याही गेल्या म्हणत होती. भाऊ पिशवी घेत म्हणाले, "खाली चुकलं तं घाबरू नोका वं ताई. वर अजून व्हायचं आहे."

हाच माणूस स्वतः चुकला, आणि ज्या गोष्टीत चुकू नये त्याच गोष्टीत चुकला.

भाऊ काटोलचे. वडिलांची संत्र्याची लहानशी बाग, तिच्यातच लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या बायकोचं, इंदूवहिनींचं, माहेर वर. वहिनींना एकच भाऊ, सदू. त्याचं शेत बसथांब्याच्या आणि आमच्या शाळेच्या मधे. मुक्कामाच्या दिवशी भाऊ सदूकडे जेवायचे आणि ओट्यावर झोपायचे. दिवाळीला सदू काटोलला येऊन बहिणीला घेऊन जायचा. तिला 'बाई' म्हणायचा, ती त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलं होतं. असं सगळं चाललं असताना भाऊंच्या मनात आलं, की मेव्हण्याच्या शेतात संत्री लावावीत. त्यांनी चाळीस कलमं काटोलहून बसच्या टपावर नेली. प्रत्येक वळणाला उतरून ती कलंडली नाहीत ना, हे बघत होते. त्या दिवशी बस दीड तास उशिरा पोचली आणि मी भाऊंशी बोलले नाही.

सहा वर्षं सदूने ती झाडं सांभाळली. सहाव्या वर्षी पहिला बहर घ्यायचं ठरलं. संत्र्याला फुलवायचं तर आधी तहानलेलं ठेवावं लागतं. डिसेंबरात पाणी तोडतात, पानं मलूल होतात, आणि महिना-सव्वा महिन्याने पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. पाणी कधी सोडायचं, हा सगळा खेळ. बसच्या पायरीवर उभं राहून सदूने विचारलं, "भाऊजी, ताण कधी तोडू?" भाऊ तिकिटं फाडता फाडता म्हणाले, "संक्रांतीले सोड पानी." त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी काटोलात संक्रांतीलाच सोडलं होतं. मी दुसऱ्या सीटवर बसून हे ऐकत होते. समुद्रसपाटीपासून उंच जावं तसं तापमान कमी होतं, हे मी त्याच आठवड्यात आठवीला फळ्यावर लिहून दिलं होतं. माझ्याही काही लक्षात आलं नाही.

बहर आला, आणि असा आला की शाळेच्या वर्गात वास यायचा. पण थंडी अजून माथ्यावरच बसली होती, तिने खालचं तिकीट काढलं नव्हतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी गवतावरचं दव गोठलेलं दिसलं. मुलं ते बोटांनी खरवडून खात होती. दुपारपर्यंत चाळीस झाडांची फुलं काळी पडली आणि चार दिवसांत सगळी खाली आली. सदू ओरडला नाही. बस आली तेव्हा तो थांब्यावर आला आणि एवढंच म्हणाला, "साऱ्या जगाले वळनं मोजून सांगता भाऊजी. माह्याच टाइमाले काहून इसरले?"

 परतीच्या वाटेवर भाऊ माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसले. बसमध्ये बसलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. म्हणाले, "आंबा घाटात चढताना पाह्यला, मोहा पाह्यला, चारोळी पाह्यली. संत्रं कधी घाटात पाह्यलंच नाही, मॅडम. संत्रं म्हनलं का मनात काटोलच येते. वळनं मोजाची ध्यानातच आली नाही."

ही चूक माफ करण्यासारखी होती. पण माफी मागायला भाऊंची जीभ उचलेना आणि मागितल्याशिवाय द्यायला सदूचं मन होईना. त्या दिवाळीला सदू बहिणीला न्यायला आला नाही. न बोलावता जाणं वहिनींच्या स्वभावात नव्हतं. मुक्कामाच्या दिवशी भाऊ डबा बसमध्येच खायचे आणि मागच्या लांब सीटवर झोपायचे, मेव्हण्याच्या घरापासून शंभर पावलांवर. बहर गळाला याचं दुःख एका वर्षाचं असतं. इथे एका बाईचं माहेर बंद झालं होतं, आणि ते पुन्हा उघडेल की नाही हे त्या दोघा मख्ख पुरुषांवर होतं.

वहिनी डबा घेऊन काटोल स्टँडवर यायच्या. पूर्वी नवऱ्याला विचारायच्या, "वर कसं आहे?" आणि भाऊ त्यांना वळणावळणाने सगळं सांगायचे. आता त्या मला विचारायच्या, "शाळा कशी आहे मॅडम?" पहिल्यांदा मी खरंच शाळेबद्दल सांगत बसले. मग लक्षात आलं, शाळेच्या खिडकीतून सदूचं घर दिसतं. तेव्हापासून मी सांगायची, की घराला पांढरी माती लागली, गाय व्यायली, सदूभाऊंचा खोकला बरा आहे. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "चांगली चालली म्हना शाळा."

तीन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात माझा पारा चढला. भाऊ कोणाची तरी रिकामी पिशवी घडी करून ठेवत होते. मी म्हटलं, "लोकांना सांगता, खाली चुकलं तर वर अजून व्हायचं आहे. तुमचं खाली चुकलंय ना? मग वर जाऊन करा की. का हे फक्त कैऱ्यांपुरतं आहे?" बसमधले चार लोक वळून पाहू लागले. भाऊ चौदाव्या वळणापर्यंत तीच पिशवी उलगडत आणि घडी करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाडं ठेवली का तोडली, तेवढं त्याले विचारता का?"

झाडं होती. आळी केलेली, बुंध्यांना गेरू लावलेला. सदू म्हणाला, "मॅडम, पानी तं मी याही सालात तोडलं आहे. सोडाचं कधी, हे त्याईनं येऊन सांगावं. इथून, झाडापाशी उभं राहून. खाकी उतरवून या म्हना. आन माह्या बहिनीले घेऊन या म्हना." हे त्याने कुदळीकडे बघत सांगितलं. माणसाला मनातलं बोलायला हातात काहीतरी अवजार लागतं, असं मला त्या भागात बरेचदा दिसलंय.

संक्रांत गेली. तेविसाव्या दिवशी भाऊंनी रजा टाकली. पांढरा सदरा घालून, बायकोला घेऊन ते आपल्याच बसने वर आले. पास असूनही त्यांनी दोन पूर्ण तिकिटं काढली आणि दुसऱ्या कंडक्टरला म्हणाले, "आज मी पावना आहे." वहिनी म्हणे खिडकीशी बसून वळणं मोजत होत्या, एक, दोन, अशा मोठ्याने, लहान मुलीसारख्या. मी शाळेतून मधल्या सुट्टीत शेतात गेले तेव्हा सदू मोटरच्या बटनावर हात ठेवून उभा होता. सगळ्यांना हिशोब ठाऊक होता. तरी त्याने विचारलं, "झाले का भाऊजी दिवस?" भाऊंनी बोटांवर सुरुवातीपासून मोजले. तेवीसला येऊन थांबले. "झाले," म्हणाले. मग म्हणाले, "मांगच्या वेळी चुकलं माह्यं." सदूने बटन दाबलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मी उगाच घड्याळ बघितलं.

त्या वर्षी फळ धरलं. पुढच्या संक्रांतीला सदू संत्र्यांचं पोतं खांद्यावर घेऊन काटोलला उतरला. काटोलात बाहेरून संत्री घेऊन येणारा माणूस म्हटल्यावर स्टँडवरचे लोक हसले. "काहून गा, इथं दुष्काळ पडला का?" असं कोणीतरी विचारलंच. सदू म्हणाला, "हे वरचं आहे." वहिनींनी तिथेच एक सोललं. फळ लहान, साल जाड, आणि काटोलची चव जिभेवर असलेल्याला आंबटच. त्या म्हणाल्या, "आंबट आहे रे सदू." आणि दुसरं सोलायला घेतलं.

पुढे दरवर्षी हाच नेम झाला. तेवीस दिवस मोजायला सदूला कोणाची गरज नव्हती. पण बहीण-भाऊजी आल्याशिवाय तो बटनाला हात लावायचा नाही, आणि भाऊ दरवर्षी बोटांवर पहिल्यापासून मोजायचे. मी निवृत्त होऊन धरमपेठेत परतले, पाठोपाठ भाऊही निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपुरातच, बेसाला राहायला आले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी भेटायला गेले तर बाल्कनीतली तुळस दाखवत म्हणाले, "जिन्याले आठ वळनं आहेत, मॅडम. खालच्याईची मंजिरी आली, आमची आठ दिवसानं येईन." मी म्हटलं, चार मजल्यांनी ऋतू बदलत नाही, मी भूगोल शिकवलाय. ते म्हणाले, "तुम्ही संक्रांतीच्या टाइमालेही भूगोलच शिकवत होत्या." 

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी भाऊ गेले. सकाळी चहा पिऊन बाल्कनीत बसले होते, तिथेच. सदू आला, तेरा दिवस राहिला, परत गेला. दिवाळी सुतकासारखीच गेली. मी अधूनमधून वहिनींकडे जात होते. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "आता वर काय काम मॅडम. मोजनारा गेला." मला त्यांचं म्हणणं कळत होतं. माहेरी जायला त्यांना एक निमित्त होतं, नवऱ्याच्या चुकीतूनच तयार झालेलं, आणि ते त्याच्याबरोबर संपलं होतं. सदूने फोनवर काही विषय काढला नव्हता. मी घरी येऊन कॅलेंडरवर दिवस मोजले आणि कोणाला सांगितलं नाही.

बाविसाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. सदू आलाय म्हणाल्या, उद्याच निघू म्हणतोय, तुम्ही येता का. मी पोचले तेव्हा सदू सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता. वहिनी मागचंच पालुपद लावत होत्या, की आता मी येऊन काय करू, तुले काय समजत नाही का दिवस. सदू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "चाल वं बाई. झाडं तहानली आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या बसने वर गेलो. कंडक्टर नवा पोरगा, त्याच्याकडे मशीन होतं आणि कानात वायर. घाट लागला तशा वहिनी खिडकीकडे सरकल्या. पाचव्या वळणावरच्या आंब्याला मोहोर होता, सहाव्याला नव्हता. मी म्हटलं, वहिनी, मोहोर पाचव्यावर आहे. पुढच्या वळणाला त्यांचे ओठ हलायला लागले होते.

सदूच्या शेताला लागून असलेल्या गव्हात पाणी चाललं होतं. चाळीस झाडं मात्र कोरड्या आळ्यांत, पानं मिटून उभी होती. सदू मोटरपाशी गेला आणि बटनावर हात ठेवून थांबला. त्याने विचारलं, "झाले का वं बाई दिवस?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात वर केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, पहिल्यापासून, भाऊ मोजायचे तशी, कुठेही घाई न करता. मला मधेच रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्या तेवीसला येऊन थांबल्या, आणि एक पेर चुकलं असं वाटून की काय, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सदू तोवर तसाच उभा होता.

"झाले," वहिनी म्हणाल्या. "सोड पानी."